डालग्याखाली ठेवू नकोस

भूम, जि. धाराशिव
पौष वद्य पंचमी

चि. सौ. मंगल हिस,


काल रात्री तुझा फोन मध्येच तुटला आणि नंतर लागलाच नाही. तुमच्या कुडाळकडच्या वाडीत रेंज डोंगराच्या मर्जीनं येते-जाते, हे आता मला पाठ झालंय. म्हणून कागद घेऊन बसलो. पोस्टात टाकलं तर चार दिवस जातील, आणि तुझ्या करडाकडे तेवढे दिवस नाहीत. लिहून झालं की शेजारचा पोरगा पानांचे फोटो काढून तुझ्या व्हॉट्सॲपवर टाकेल. अक्षर लागलं नाही तर जावईबापूंकडून वाचून घे. त्यांनीही वाचलं तर बरंच आहे.

आधी तुझं. सातवा लागलाय तुला, आणि तू म्हणालीस की शेळी अडली तेव्हा तूच हात घातलास, पाय धरून ओढून काढलंस. बाळा, रागवत नाही मी. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. पण मला रात्री झोप लागली नाही ती करडापायी नाही, या हातापायी. व्यालेल्या शेळीच्या जारेतून, त्या पाण्यातून माणसाला रोग लागतात. ब्रुसेलोसिस, क्यू फीवर, टोक्सोप्लाझ्मा, लिस्टेरिया ही नावं आमच्या जनावरांच्या दवाखान्यात भिंतीवर लावलेली असायची. एरवी बहुतेक माणसं तापानं फणफणतात आणि उठतात, पण पोटुशी बाईला यातलं काही फार महागात पडू शकतं. म्हणून उद्याच तुझ्या डॉक्टरीणबाईंना सांग की शेळीच्या बाळंतपणात उघडा हात लागला होता. ताप, थंडी, अंगदुखी काही वाटलं तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नकोस. आणि इथून पुढं तुझं मोकळं होईपर्यंत वाड्यातलं व्याणं, जार उचलणं, भिजलेलं गवत काढणं हे सगळं जावईबापूंनी हातमोजे घालून करायचं. त्यांना सांग, मामाचा निरोप आहे.

आता करडू. तू पाठवलेला व्हिडिओ मी तीनदा बघितला, एकदा तुझ्या मामीनं बघितला आणि पदर डोळ्याला लावून आत निघून गेली. दोन जुळ्यांतलं एक उड्या मारतंय. हे दुसरं उठायला बघतं, पुढचे दोन्ही पाय मुडपलेले, बाटली तोंडात दिली की जीव लावून ओढतं, आणि दूध नाकातून परत येतं. तू विचारलंस, “मामा, याला जगवू की सोडवू?” फोनवर मागून सासूबाईंचा आवाज येत होता, म्हणून मी तेव्हा नीट बोललो नाही.

व्हिडिओत जे दिसतं त्यावर ठरवू नकोस. वाकडं दिसणारं करडू आणि न जगणारं करडू ही दोन वेगळी करडं असतात, आणि ती ओळखायला हात लावून बघावं लागतं. पहिली गोष्ट, जावईबापूंना त्याच्या तोंडात बोट घालून बघू दे. आतून गार लागलं तर बाकी सगळं बाजूला ठेव आणि आधी ऊब दे. पोत्यात गुंडाळ, कोमट पाण्याच्या बाटल्या लाव, थर्मामीटर लावून ताप 100 फॅरनहाइटच्या वर येऊ दे, मगच दूध. गारठलेल्या करडाच्या पोटात दूध पचत नाही, आणि त्याला धड गिळताही येत नाही. माझ्या नोकरीत कितीतरी ‘अधू’ म्हणून आणलेली करडं नुसती गारठलेली आणि चीक न मिळालेली निघाली. तासाभरात ती टेबलावरून उतरून आईला हाका मारायला लागायची.

ऊब असेल तर पुढचं. त्यांनाच नखं कापून, हात धुऊन करंगळी टाळूवरून पुढून मागे फिरवू दे. आधी कडक, वळ्यावळ्यांची टाळू लागते, मग मऊ. सलग लागली तर दूध नाकातून यायचं कारण दुसरं असेल. बाटलीच्या बुचाचं भोक मोठं असेल, मान फार वर धरली जात असेल, नाहीतर अशक्तपणानं गिळायला जमत नसेल. हे सगळं सुधारतं. पण बोट मध्येच वर, नाकाच्या पोकळीत शिरलं तर टाळू फाटलेली आहे. अगदी मागची, मऊ भागातली बारीक भेग असेल तर क्वचित एखादं करडू नळीनं पोटात दूध सोडून, पाला खायला लागेपर्यंत रेटता येतं. भेग मोठी असेल तर प्रत्येक घोटाबरोबर थोडं दूध फुप्फुसात जातं. मग घरघर, ताप, पोटानं श्वास घेणं. माणसाच्या लेकरात टाळूचं ऑपरेशन आता रोजचं झालंय. एवढ्याशा करडात ते करणारा डॉक्टर शोधून तिथवर पोचेपर्यंत न्यूमोनिया आधी पोचतो.

मग पाय. मुडपलेला पाय हातानं हळू सरळ करून बघ. सरळ होतो आणि सोडला की परत वाकतो, तर नुसती शीर आखडलेली आहे, त्याचं काही वाटून घेऊ नकोस. हातानंही सरळ होत नाही, सांधा लाकडासारखा घट्ट आहे, तर तो सांधाच आत तसा बसलाय. आणि शेपटी वर करून जागा आहे ना, काळी चिकट पहिली लेंडी पडली ना, हेही बघ. जागाच नसेल तर तेवढ्यावरून आशा सोडू नकोस. नुसता पडदा असेल तर डॉक्टर छेद देऊन वाट करतात. आमच्या डॉक्टरसाहेबांनी एका म्हातारीच्या करडाला तशी केली होती, आणि ती म्हातारी पुढं प्रत्येक बाजारला त्याची लेंडी कशी पडते ते सांगायला दवाखान्यात यायची.

मला माहितीय तुझ्या मनात काय आहे. चांदी. चौथीत होतीस तू, उन्हाळ्याच्या सुट्टीत इथं होतीस. काळीकुट्ट करडू, एका कानावर पांढरा ठिपका. जन्मली ती पुढचे पाय मुडपूनच. मी बांबूच्या कामट्या तासल्या, तुझ्या मामीनं जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या, आणि तू रोज सकाळी कापूस बदलून पाय सुजला का बघायचीस. सुट्टी संपायच्या आत ती खूर टेकायला लागली आणि पुढं कितीदा व्याली, बहुतेक वेळा जुळी. तुझ्याकडची ही शेळी तिच्याच वंशातली. त्यामुळं तुला वाटतंय की चांदी उभी राहिली तर हेही राहील, आणि राहिलं नाही तर तू कमी पडलीस. तसं नाही गं. चांदीचा पाय पहिल्याच दिवशी माझ्या हातात सरळ झाला होता, आणि ती पहिल्याच तासात आईच्या सडाला लुचत होती. तू केलंस ते खूपच होतं, पण ज्याला वाट होती त्याला केलंस.

दुसरं एक घर सांगतो, ते तू बघितलेलं नाहीस. गावाचं नाव नको. दुसऱ्याच एका कामासाठी गेलो होतो. वाड्याच्या कोपऱ्यात पालथ्या डालग्याखालून बारीक आवाज यायचा. विचारलं तर म्हणाले, “अधू जन्मलंय साहेब, देवाच्या मनात असेल तसं होईल.” डालगं उचललं. चार दिवस झाले होते. कुणी दूध पाजत नव्हतं, कुणी मारतही नव्हतं. माणसं वाईट नव्हती, मला चहा दिला, मांजराला भाकरी कुस्करून घातली. फक्त त्या कोपऱ्याकडं बघायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं.

मंगल, मला भीती आहे ती याची. तू त्याला मारशील याची नाही, जगवायचा हट्ट धरशील याचीही नाही. या घरात एक म्हणतंय पाप लागेल, एक म्हणतंय खर्च कशाला, एक म्हणतंय उद्या बघू, आणि त्या उद्यात ते करडू घरघरत पडून राहील, याची भीती आहे. जगवायचं ठरवलंस तर पुरतं जगव. दर तीन-चार तासांनी नळी, रात्रीसुद्धा, आणि ते तुझ्याशिवाय कोण करणार ते नाव घेऊन ठरवा. सोडवायचं ठरवलंस तर आजच्या आज डॉक्टर. डालग्याखाली ठेवू नकोस.

खर्चाचं, वेळेचं बोलायला लाजू नकोस. शेळी हा आपला धंदा आहे. करडू पाट असेल तर माणसं चार रात्री जास्त जागतात, बोकड असेल तर दोन, हे मी आयुष्यभर बघितलंय आणि त्यात मला मोठं पाप दिसत नाही. फक्त हिशेब हिशेब म्हणून मांडावा. खर्च परवडत नाही म्हणून दूध बंद करायचं आणि वर देवाचं नाव घ्यायचं, हे मला कधी पटलं नाही.

पापाचं म्हणशील तर तुझ्या सासूबाईंना एक गोष्ट सांग. 1928 साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असंच पडलं होतं. उपचार केले, पण कूस बदलवली तरी त्याला कळा सोसवत नव्हत्या. डॉक्टरांनी हात टेकले. गांधीजींनी आश्रमातल्या लोकांशी बोलून, विरोध ऐकून घेऊन, शेवटी डॉक्टरांना बोलावलं आणि आपल्यासमोर त्या वासराला सुई द्यायला लावली. झालं ते लपवलं नाही, ‘नवजीवन’मध्ये स्वतः लिहिलं. अहिंसावाल्यानं वासरू मारलं म्हणून संतापाच्या पत्रांचा ढीग पडला. गाईचं वासरू होतं ते, तेव्हा विचार कर. ते मागं हटले नाहीत. गांधीजींचं मला सगळंच पटतं असं नाही, तुझ्या मामीला विचार. पण आधी औषध केलं, मग जाणत्याला विचारलं, आणि शेवटी स्वतः तिथं उभे राहिले, हा क्रम मला बरोबर वाटतो.

आता करायचं झालं तर कसं. 1962 या नंबरला फोन लाव, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे, फोनला पैसे लागत नाहीत. किंवा तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांना आधी फोनवर स्पष्ट विचार, कारण असलं औषध प्रत्येक ठिकाणी शिल्लक असतंच असं नाही, आणि काही डॉक्टर करडाला नुसतं टॉनिक टोचून निघून जातात. स्पष्ट म्हण, “तपासा, आणि सुधारण्यासारखं नसेल तर शांत करा.” त्यांच्या हातानं टाळू-पाय बघून झाल्याशिवाय माझ्या शब्दावर जाऊ नकोस. मी पशुधन पर्यवेक्षक होतो, डॉक्टर नव्हतो, आणि इथं मी तीनशे-चारशे किलोमीटरवर बसून एक व्हिडिओ बघतोय. आधी गुंगीचं देतात, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस शिरेत. मिनिट-दोन मिनिटांत संपतं. घरच्या घरी काठी, दगड, पाण्याची बादली, कुणीतरी सांगितलेली गोळी, यातलं काही मनातही आणू नका. ते क्रूर आहे आणि प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्यानं गुन्हाही आहे. डॉक्टर गेल्यावर खड्डा खोल घ्या, वर चुना टाका. ते औषध मांसात राहतं, कुत्र्या-कोल्ह्यानं उकरून खाल्लं तर तेही मरेल. खड्डा जावईबापू खणतील. तू वाकायचं नाही.

माझं मत विचारलंस म्हणून सांगतो. बोट नाकात शिरत असेल आणि सांधे हलत नसतील, दोन्ही एकत्र, तर मी उद्या संध्याकाळच्या पुढं त्याला ठेवणार नाही. टाळू सलग असेल तर एकटे पाय कसेही असोत, पंधरा दिवस दे, कामट्या बांध. मधलं काही निघालं तर मला फोन कर. पण जे ठरेल ते तुझं. रात्री त्याच्याजवळ तू बसली आहेस, मी नाही.

शेळीला विसरू नका त्या गडबडीत. करडू गेलं तर तिला एकदा हुंगू द्या. दोनेक दिवस हाका मारते, मग दुसऱ्याला चाटत बसते, असा माझा अनुभव. पण कासेकडं बघा. एकच करडू पिणार, ते आवडीच्या सडालाच लागतं आणि दुसरा सड तटतो. तो हातानं पिळून काढा, नाहीतर कासदाह. आणि लगेच ‘अपशकुनी’ म्हणून तिला बाजार दाखवू नका. एका वेताचं एक करडू अधू निघालं म्हणजे शेळीच वाईट असं नाही. बोकड कुठला लावला होता ते मला सांगितलं नाहीस. मागच्या वेताचा तिचाच पोरगा वाड्यात मोकळा फिरत होता ना? तसं असेल तर पहिलं काम, तो बदला. आई-लेकराच्या, बहीण-भावाच्या मिळणीतून असले दोष वर येतात. बाहेरचा आणा, तुमच्याकडचा कोकण कन्याळ चालेल, तुमच्या पावसाला तो आपल्या उस्मानाबादीपेक्षा बरा टिकतो. शिवाय फळल्यावर पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोलचं जंताचं औषध पाजलं होतं का, ते आठव. गाभण शेळीला ते त्या दिवसांत द्यायचं नसतं, गर्भात व्यंग येऊ शकतं. दुकानदार हे सांगत नाही.

आणि ग्रहण. तू दबक्या आवाजात जे विचारलंस ते मी ऐकलं. सासूबाई म्हणतात की फाटलेली टाळू ग्रहणाची, आणि घरात पोटुशी असताना असलं करडू बघू नये, तसंच होतं. शेळ्या ग्रहण पाळत नाहीत गं, सगळ्याच उघड्यावर चरतात. तसं असतं तर धाराशिव जिल्ह्यात एक करडू धड जन्मलं नसतं. बघितल्यानं काही होत नाही. माणसाच्या गर्भाची टाळू तिसऱ्या महिन्याच्या आसपास मिटून जाते, तुझा सातवा चाललाय. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी नीट झाली, डॉक्टरीणबाईंनी सगळं दाखवलं, हे तूच मला सांगितलंस. सासूबाईंचं मन मोडू नकोस, त्या प्रेमापोटी बोलतात. ग्रहण आलं तर घरात बस हवं तर. पण उपाशी राहू नकोस, पाणी सोडू नकोस, लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस.

आणखी एक, आणि हे मला लिहायलाच हवं, कारण तुझ्या गप्प बसण्यातून मला ते ऐकू आलं. करडाचा निकाल लावताना तुझ्या पोटातल्याचा विचार त्यात मिसळू नकोस. माणसाच्या लेकराला अशी टाळू निघाली तर त्याला दवाखाना आहे, सरकारी बालस्वास्थ्य कार्यक्रम आहे, ऑपरेशन फुकट होतं, आणि पोर शाळेत जाऊन कविता म्हणतं. त्याच्यासाठी आई आहे, बाप आहे, आजीही आहे. करडापाशी यातलं काही नाही, तेवढ्यापुरताच तो निर्णय आहे. करडाला सोडवलंस म्हणून तू कुठल्या जातीची आई होशील, असले प्रश्न रात्री बारानंतर पडतात. ते पडले की जावईबापूंना उठव.

इकडचं बरं आहे. शाळवाला यंदा हुरडा चांगला भरला, पण थंडी उशिरा आली. मामीचा गुडघा दुखतोय, ऑपरेशनचं नाव काढलं की तिला लगेच तुळजापूरला जायचं आठवतं. धाकट्यानं पुन्हा पोलिसभरतीचा फॉर्म भरलाय. तुझ्या आईशी बोलणं झालं, डोहाळजेवणाला आम्ही येतोय, तिनं अजून गाडी ठरवली नाही ते तिला विचार.

उद्या दुपारी एकला फोन करतो. रेंज असेल तिथं उभी राहा, उन्हात नको. डॉक्टर आले का, टाळूला बोट लावलं का, एवढं आधी सांग, बाकीचं मग.

तुझा,
मामा

ता. क. एसटीच्या पार्सलनं ज्वारीचं पीठ, हुरडा आणि मामीनं केलेले डिंकाचे लाडू पाठवतोय. कणकवली स्टँडवरून जावईबापूंना घ्यायला सांग. आणि बोकडाचं कळव, तो तिचाच पोरगा होता का.